साडेनऊ तास मागे

नाताळची सुट्टी. शर्वाणीनं आदल्या रात्रीच
वहीच्या मधल्या पानावर बेत उतरवून काढला,
तू पाठवलेल्या तुमच्या जहाजाच्या माहितीपत्रकातून, जसाच्या तसा:
नऊला होडी. अकराला जुना किल्ला.
एकला स्थानिक जेवण. तीनला उसाचा मळा.
साडेपाचला किनाऱ्यावर सूर्यास्त.
खाली स्वतःची सूचना: टोपी सक्तीची.

मग काय, निघालो.
रंकाळ्यात होडी मिळाली, वल्ह्याची,
जलपर्णी म्हणजे प्रवाळ, असं ठरलं.
संध्यामठ अर्धा पाण्यात, अर्धा उन्हात,
तो किल्ला. त्यावर बसलेला बगळा पहारेकरी.
मामंजींना टोपी होत नव्हती,
त्यांनी ती गुडघ्यावर घातली.

स्थानिक जेवण मात्र खरंखुरं:
पांढरा रस्सा त्यांनी तीनदा मागून घेतला
आणि वाढप्याला विचारलं,
"हितं परदेशी पाव्हणे लई येत्यात न्हवं?"
तो म्हणाला, "तुम्हीच की."

तीनच्या उसासाठी चिखलीला आलो.
तुझ्याच गावात, पण पर्यटक म्हणून,
त्यामुळे शर्वाणी वेशीपासून फोटो काढत होती:
उकिरडा, ट्रॉली, चिपाडांची गंजी,
आपल्या घराची ती नवी भिंत,
जिच्या विटांसाठी तू गेलास.

मामंजी गुऱ्हाळाच्या बाजेवर टेकले.
"बेट बेट काय करतीस," म्हणाले,
"त्या महापुरात सा दिवस आम्हीच बेट हुतो.
ह्या ऊसाचा शेंडाबी दिसत नव्हता.
मी, दोन म्हशी, आन् वर स्लॅब.
तुझा बाबा होडीत बसला तो तवा पैल्यांदा.
उतरायचंच नाव घेईना."

त्यावर कुणीच काही बोललं नाही.
काहिलीतला रस तेवढा बुडबुडत होता.

साडेपाचला तुझा फोन.
तुझ्याकडे सकाळचे आठ, पाठीमागं
पांढऱ्या चादरींचे डोंगर.
"कुठलं बेट आज?"
"सेंट लुसिया म्हणत्यात."
"कसं आहे?"
तू फोन गोल काचेला लावलास.
हिरवं काहीतरी. जेट्टीचा तुकडा.
टोप्या घातलेली माणसं, मुलांचे हात धरून,
रांगेनं उतरणारी.
"ती खाली गेली, की त्यांच्या चादरी खाली येतात,"
तू म्हणालास, आणि हसलास.
अकरा बेटं झाली रे तुझी.
मी मोजते.

शर्वाणीनं आपला फोन काहिलीवर धरला.
वाफेनं पडदा पांढरा झाला,
तुझ्याकडचा आणि आमच्याकडचा, दोन्ही.
गुळव्यानं मळी काढता काढता मान वळवली:
"तिकडंबी ऊस असतोय?"
"लई. दारू करत्यात."
"आन् गूळ?"
"नाही बघितला."
तो थोडा वेळ झारा हातात धरून उभा राहिला,
एखाद्याच्या घरी काही वाईट झाल्याचं कळावं तसा.
मग पुढच्या रव्याचं साचं पुसायला लागला.

परतताना शिवाजी पुलावर अंधार.
वहीत सगळ्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा,
सूर्यास्त तेवढा राहिला.
"इथं बुडाला, पण बाबांकडे तर आत्ताच उगवलाय,
मग लिहू काय?"
मला सुचलं नाही. मामंजी झोपले होते,
टोपी अजून गुडघ्यावर.

तिचा फ्रॉक काकवीनं पुढून कडक झालाय.
तो भिजत घातला नाही अजून.
बादलीशेजारी ठेवलाय, घडी करून.
मुंग्या येतात, झटकते.