इतर

माझ्या प्रश्नावलीत एकेचाळीस प्रश्न होते.
डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड.
मराठीत लिहिलं मजुरी,
कन्नडमध्ये तिलाच म्हणतात कूली.
पहिल्या वर्षी वाटलं, छापखान्याची चूक असेल,
माणूस आणि त्याचे पैसे एकाच शब्दात कसे मावतील?
इराप्पा होसूर हसला. म्हणाला,
मावत नाहीत की बाई. म्हणून तर शनिवारी भांडण.

उद्यमबागेत तेव्हा तिन्ही पाळ्या चालायच्या.
भट्टीच्या धगीपासून चार हात लांब
मी स्टुलावर, पॅड मांडीवर,
आणि परशराम मुतगेकर साचा ठोकता ठोकता उत्तरं द्यायचा.
वय त्रेचाळीस. शेत वीस गुंठे, तेही वाटणीत.
पगार सहीचा एक, हातातला एक.
मध्येच काळ्या ओल्या वाळूची मूठ वळायचा,
गोळा दोन्ही अंगठ्यांनी मोडायचा.
कड सरळ तुटली तर वाळू बरी.
भुगा झाला तर पाणी कमी.
"हे लिव्हून घेऊ नकोस. तुझ्या कागदात नाही हे."

नव्हतंच.

त्या कागदांवर पाय ठेवत मी वर गेले.
अधिव्याख्याता, प्रपाठक, मग दारावर पितळी पाटी,
ओतीव, उद्यमबागेतलीच.
धारवाडच्या परिसंवादात शाश्वत अर्थव्यवस्थेवर बोलले:
टनभर ओतकामाला किती वाळू लागते,
किती चाळून परत साच्यात जाते,
किती माळावर नेऊन ओततात.
टक्केवारी चांगली होती. टाळ्या पडल्या.
चाळणीवर उभा असतो तो किती वर्षं परत येतो
हे कुणी विचारलं नाही.
मीही तो आकडा नेला नव्हता.

शेवटचा प्रश्न मोकळा ठेवला होता:
आणखी काही सांगायचं आहे?
बहुतेकांनी रेघ मारली.
एकानं लिहिलं, पंखा.
चार वर्षांनी, दुसऱ्या फेरीत, त्याच अक्षरात, पंखा.
कोअर करणारी बाळव्वा म्हणाली, संडासाला कडी.
सगळ्यांना मी एकच अंक दिला, नऊ.
नऊ म्हणजे इतर.
संगणकानं नऊ मोजले
आणि तळटीपेत ठेवून दिले.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, उपमा,
आणि पाचच्या आत टेबल रिकामं करायचं.
खालच्या खणात एक डबी निघाली,
परशरामच्या वाळूची, नमुना म्हणून कधीतरी आणलेली.
मूठ वळली.
बोटांतून सगळी गळाली, कोरडी ठक्क,
फायलींवर, नव्या साडीवर,
एकशे बाराव्या फॉर्मवरच्या नऊवर.

फोन लावला. घरीच असतो आता, पेन्शन नाही.
म्हटलं, तुझी वाळू वळत नाही रे, भुगा झाला.
पलीकडे बराच वेळ नुसता खोकला.
मग म्हणाला,
"एवढं शिकलीस की.
पाणी कोण घालायचं?"