वासाचे पैसे अलग

गोंडखैरीच्या पुढं, उजव्या हाताले,
संत्र्याचे दोन बगीचे सोडले का
तारेवर चढवलेली द्राक्षं दिसतात.
मले ते पाहाले नाई बोलावलं.
रांधाले बोलावलं.
पंचवीस माणसायचं सावजी मटन,
अन् "मावशी, तिखट जरा बेतानं"
असं फोनवर तीनदा.

सकाळी सातले मसाला भाजाले घेतला.
दगडफूल, खसखस, खोबऱ्याची वाटी पार काळी होईस्तोवर.
धूर वेलीच्या ओळीत शिरला
तसं पोरगं टोपी सावरत पळत आलं:
"मावशी, वास! लोकांना द्राक्षांचा वास यायला हवा."
म्हणलं, येईन नं.
वास का जागा अडवून बसते?

निमिष नाव त्याचं, नाशिककडचा.
तो पुढं, मांगं पाहुणे:
रामदासपेठेची डॉक्टरीण,
पांढऱ्या बुटातली सराफाची सून,
कोळसा खाणीतून रिटायर झालेले भोयर साहेब,
जे दर ओळीले विचारत, एकरी किती?
पोरगा सांगून राह्यला,
खालची मुळी एका जातीची, वरचं अंग दुसऱ्या,
मधात पट्टी बांधतात, सांधा धरेपर्यंत सोडत नाईत.
मी झारा हातात घेऊन ऐकलं.
आमच्यात त्याले लग्न म्हणतात.

मांडवाखाली पंगत. काचेच्या गिलासात चार बोटं लाल.
"ओळखा," तो म्हणे, "ब्लॅकबेरी, व्हॅनिला,
ओकचं लाकूड, थोडंसं चामडं."
सगळ्यायनं नाकं खुपसली. हो हो म्हणलं.
डॉक्टरीणबाईनं तं डोळे मिटले.
ब्लॅकबेरी कोणी खाल्ली हाय का,
हे कोणी कोणाले नाई विचारलं.

मंग माझा रस्सा गेला.

सराफाच्या सुनेचं नाक वाहाले लागलं.
भोयर साहेबायचा एकरी हिशोब थांबला.
जे घोट घोट घ्यायचं होतं
ते लोकं मटक्यातल्या पाण्यासारखं ढोसून राह्यले,
अन् भाकर मागून राह्यले.

पोरगा चुलीमांगं येऊन विटेवर बसला.
"मावशी, तुम्ही माझी चव मारली."
म्हणलं, जेव आधी.
जेवला. घामेजला. हासला.
मंग स्टीलच्या वाटीत मले दोन घोट ओतले.
"तुम्हीच सांगा मग."

मी कधी घेतली नव्हती.
पण हातमागावर तेवीस वर्षं काढली,
नाक शाबूत हाय.
म्हणलं, पह्यले भाताच्या मांडाची खळ,
धाग्याले लावून उन्हात टाकलेली.
मंग गांधीबागेतला कापडाचा गठ्ठा फोडला
का आतून जो दमट वास येते, तो.
मंग बोर. किडकं निघालेलं, तरी थुंकवत नाई असं.
अन् गिळल्यावर, जिभीच्या कडेले,
जांभळाची साल.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरातल्या झाडाची,
ज्याच्यावरून पडून माह्या भावाचा दात गेला.

पोरगा खिशात पेन चाचपून राह्यला.
"परत सांगा ना."
परत कसं सांगू?
आता दुसराच वास येऊन राह्यला.
"बरं, हे कशासोबत द्यायचं?"
मटनासंग नको देऊ, बावा. मटनासंग पाणी दे.
हे गोळाभातासंग दे,
वरून हिंगाचं गरम तेल, चुर्र.

संध्याकाळी टेम्पोत,
रिकाम्या गंजाले टेकून बसली.
अजनीच्या पुलावर लाल सिग्नल लागला.
जांभळाचं झाड जिथं होतं
तिथं आता मेट्रोचा खांब, नंबर टाकलेला.
तरी जिभीच्या कडेले तुरट काहीतरी
चिकटून होतंच.

घर येईस्तोवर फोन वाजला.
"मावशी, पुढच्या रविवारी तिखट तेवढंच असू द्या.
पण तासभर आधी या.
लोकांना वास सांगायला."
म्हणलं, येतो.
वासाचे पैसे अलग.