माकडताप असेल, नसेल

काजूचे दिवस. भट्टी पेटलेली,
आणि सत्यवती बोंडू तुडवता तुडवता थांबली.
म्हणाली, मान वळत नाही.
मग म्हणाली, त्या झाडाला किती दिवे लावलेत.
झाडाला बोंडूच होते.

वाळपईच्या इस्पितळात पहिला प्रश्न:
रानात गेली होती?
काजूच्या दिवसांत कोण जात नाही?
मेलेलं माकड दिसलं?
दिसलं होतं. म्हाऊसच्या वाटेवर, सोमवारी.
झालं. कागदावर माकडताप, पुढे प्रश्नचिन्ह,
आणि रुग्णवाहिका बांबोळीला.

माझ्या मांडीवर फाईल, वाण्याच्या वहीएवढी जाड.
तीन वर्षांत हे तिसऱ्यांदा.
पहिल्या वेळी म्हणाले जंतू.
अकरा दिवस जंतूंचीच औषधं,
आणि जंतू काही सापडले नाहीत.
तेवढ्यात उजवा डोळा गेला.

मग मिनेझिस बाईंनी समजावलं,
औषधाच्या खोक्यावर पेनाने मेंदू काढून:
बाहेरून कोणी आलेलं नाही.
तिच्याच रक्तातला पहारा
तिच्याच नसांची साल सोलतोय.
मी घरी येऊन आईला सांगितलं, राखणदार चुकलाय.
आईने लगेच शिवेवर रोट ठेवला, विडीसकट.
शीव ओळखणारा तो
आपल्याच घराची कवाडं का फोडील,
हे तिने विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या वेळी मी दारातच ओरडलो,
जंतू नाहीत, स्टेरॉइड द्या!
बरोबर निघालो.
नर्सबाया मला डॉक्टर गांवस म्हणू लागल्या.

या वेळी नवा मुलगा होता, मिशी नीट न फुटलेला.
फाईल पुढे केली. त्याने वाचली,
सगळी वाचली, उभ्या उभ्या.
मग हळू आवाजात म्हणाला,
काका, पुन्हा तेच असेल.
पण माकडही खरंच मेलंय ना?
स्टेरॉइड दिलं, आणि ताप रानातला निघाला, तर?

मला उत्तर आलं नाही.

तिला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी.
पडद्याच्या फटीतून मी थेंब मोजले,
मोजायची सवयच आहे.
नितळ, पहिल्या धारेचे.
हुर्राक असता तर बाटली हलवून
फेसावरून सांगितलं असतं किती कडक.
या पाण्यावरून काहीच सांगता येईना.
चार नळ्या गेल्या. तोवर जंतूंची औषधं चालू,
म्हणजे कौल लावलाय
आणि पाकळी दगडाला चिकटून बसलीय,
ना उजवी, ना डावी.

रात्री तिने हाक मारली, भावाच्या नावाने.
रोहिदासा, भट्टीखाली लाकडं जास्त झाली,
करपेल.
मी म्हटलं, काढतो.
आणि खरंच उठलो,
वाकून खाटेखाली हात घातला.