लेट्स

कोकिळाच्या वहीत आज नवा धडा.
लेट्स. वुई आर गोइंग टु. वुई आर थिंकिंग ऑफ.
मॅडमनी सांगितलंय, घरी जोडीदाराशी बोला.
जोडीदार म्हणजे मी.
मांडीवर उघडा पंखा, बोटांना ग्रीस,
चोपड्यात अठ्ठावीस वर्षं तांब्याची तार गुंडाळणारा.

लेट्स गो टु उनपदेव, ती वाचते.
येस, मी म्हणतो.
असं नाही, पूर्ण वाक्य.
येस, लेट्स गो.

थिंकिंग ऑफ म्हणजे नुसतं मनात, ती समजावते,
गोइंग टु म्हणजे एसटीत रुमाल टाकल्यासारखं.

आमच्या घरात बेत असे सुटे करून कुणी पाहिले नाहीत.
उद्या यावलला जायचंय, मी म्हणायचो,
सकाळी पिशवी भरलेली असायची.
जायचंय कुणाला, हे त्या क्रियापदात नव्हतंच,
आणि मीही कधी विचारलं नाही.

आता ती पेन्सिल कानामागे खोचून विचारते,
ह्या वुईमध्ये मी आहे का?
मराठीत काय लिहू, आम्ही की आपण?
मॅडम म्हणाल्या, दोन्ही चालतं.
इंग्रजीला चालत असेल.

पंख्याचं पातं खाली ठेवलं.
रविवारी दुकान बंदच असतं.
कुंडातलं ऊन पाणी तिच्या गुडघ्यांना बरं पडेल,
हे इंग्रजीत जुळवत होतो
तर धड्यात नसलेलं, आईच्या बोलीतलं
तोंडून निसटलं:
आपन जासूत.

तिनं ते वहीत उतरवलं नाही.
कळण्याच्या भाकरी चार बांधू की सहा,
एवढंच विचारलं.