तुटक रेघ

रत्नागिरीच्या स्टँडवर सकाळी सहा पन्नासला
रियाझ होडेकर डोकी मोजतो. अकरा.
"सोपी वाट आहे. सडा, एक वहाळ, एक देऊळ.
जेवायला घरी."
हे माझ्याकडे बघून. मी निवृत्त, डावा गुडघा कुरकुरता,
पायांत मुलाचे जुने बूट, पुढे बोटभर कापूस कोंबलेला.

सड्यावर डिसेंबर.
गवताचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा.
जांभा बुटाखाली पोकळ वाजतो,
आत कुणी नसलेल्या घराचं दार वाजावं तसा.
बँकेतली मृण्मयी लिंगायत वाकून फोटो घेते
वाळक्या शेणावर बसलेल्या फुलपाखराचा.

मी ही जमीन आकड्यांत ओळखतो.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले.
वेळशेत : गट नंबर एकशे बारा, पोटखराबा.
एकशे तेरा, कलमं.
आलो कधीच नव्हतो. कागदावर हे गाव
माझ्या तळहाताएवढं होतं
आणि त्याला चढ नव्हता.

चढ आहे.
पाखाडीच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या,
वहाळावर साकव म्हणजे दोन पोफळी आणि धरायला एक तार.
रियाझ एकेकाला हात देतो.
मला देताना "काका" म्हणत नाही, तेवढंच बरं वाटतं.

खालच्या वाडीत, पहिल्याच खळ्यात
एक म्हातारी सुपारी सोलत होती.
"कुनाकडं आलाव?"
अकरा माणसं एकमेकांकडे बघतात.
"कुणाकडे नाही, आजी. असंच. चालायला."
"चालायला,"
ती म्हणाली, जिन्नस हातात घेऊन वजन बघावं तसं.
मग आत जाऊन तांब्या आणला, आणि गूळ.

द्वारकाबाई गोताड.
"मी पन चालायची. डोईवर शेंगांचा भारा,
उजाडायच्या आत सडा वलांडून रत्नांग्रीस.
देवळामागनं वाट व्हती, अर्धा तास वाचायचा.
आता थितं तार मारलीय. कलमंवाला म्हनतो, नकाशात वाट नाय.
तालुक्याला जाऊन बघून आलाव आमी.
खरंच नाय."

सत्त्याण्णवचा मे.
पंखा बंद, मनगटाखाली टीपकागद,
घामानं शाई फुटू नये म्हणून.
जुना नकाशा घडीवर फाटलेला, त्यावरून नवा उतरवत होतो.
एकशे तेरामधून जाणारी तुटक रेघ,
आठ-नऊ बारीक डॅश,
नेमकी त्या घडीत. दिसली, नाही असं नाही.
सोडून दिली.
कुणी सांगितलं नव्हतं. पैसे घेतले नव्हते.
चार वाजले होते, चहा आला होता.

देवळात गुरवानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं :
ही शहरातली लेकरं पाय मोकळे करायला आलीत,
त्यांची काय चूकभूल झाली असंल ती पोटात घाल,
वाटेत काय आडवं येत असंल ते दूर कर, म्हाराजा!
"व्हय म्हाराजा," सगळे, जरा हसत.
माझं "व्हय" मागाहून आलं, एकट्याचंच,
आणि मृण्मयीनं वळून पाहिलं.

देवळामागे तार. पलीकडे कलमं,
एखाद्या फांदीला मोहर फुटू लागलेला.
दोन रांगांच्या मधे गवत अजून पडलेलं, एका बाजूला,
म्हणजे रात्री-अपरात्री कुणी जातंय.
कुत्रं असेल. बाई असेल.
मी सवयीनं पावलं मोजली :
तारेच्या खांबापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत सत्तेचाळीस.
एसटीच्या तिकिटामागे लिहून ठेवलं.
दुरुस्तीचा अर्ज कसा करतात ते मला ठाऊक आहे,
तो किती वर्षं टेबलावर पडतो तेही.

"चला, अकरा वीसची गाडी," रियाझ ओरडला.
पुढच्या रविवारी दुसरी वाट, म्हणे, याहून सोपी.

खळ्यावरून जाताना तिनं मान वर केली नाही.
अडकित्ता चालू होता.
मीच थांबलो. म्हटलं, रविवारी परत येतोय.
"कुनाकडं?"