काना

"मी रातभर जागलो ओ मॅडम,"
हुपरीची रत्नप्रभा पोतदार म्हणाली,
"खोकला शेजारच्या बाळाला पण ह्योच हाय नव्हं?
मग माझ्याच लेकराला नळी का?"

थोरल्या दवाखान्याच्या मागल्या अंगाला
आमची खोली. डीप फ्रीज, टेबल,
कोळ्याची जाळी धरलेली एक खिडकी.
दोन नाकांतला ओलावा
दोन कुप्यांत, वजा ऐंशीला गोठलेला.

काल संध्याकाळी पुण्याहून अक्षरं आली.
विषाणू एकच, नाव एकच,
पंधरा हजारांवर अक्षरं, मुळाक्षरं चारच.
एकाखाली एक लावून बसले,
तलाठ्यानं दिलेली नक्कल
मूळ उताऱ्याशी ताडून बघावी तशी.

सव्वीस ठिकाणी फरक.

पंचवीस तर असे, की काही बिघडत नाही.
आमच्याकडं बाई 'मी आलो' म्हणते,
पुण्याची मामी तोंडाला पदर लावते,
पण दारात माणूस तेच असतं
आणि चहाचं आधण तेवढंच.

सव्विसावा मात्र
त्या टोकावर, जिथून तो पेशीला चिकटतो.
लिहायचं होतं वारा.
उतरवून घेणाऱ्याची घाई,
काना गळला.
वार झाला.

असं मला वाटलं. रात्री साडेनऊला.

सकाळी डॉक्टर किणीकरांनी
चष्मा कपाळावर सरकवला.
"पोरगं सातव्या महिन्यातलं. दीड किलोचं जन्मलं.
घरातच चांदी आटवायची भट्टी.
शेजारचं बाळ बघितलंस? गुळाची ढेप."
मग माझ्या त्या एका अक्षरावर
पेनचं टोपण टेकवून
बराच वेळ गप्प.
"असेलही. पण दोन पोरांवरून काय बोलायचं?
दोनशे आण."

दोनशे.
मी वहीत आकडा लिहिला
आणि त्याच्याकडं बघत राहिले.
दोनशे कुप्या, फ्रीजमध्ये जागा होईल.
दोनशे जणी
'रातभर जागलो' म्हणणाऱ्या,
त्या कुठं ठेवायच्या?

वॉर्डात रत्नप्रभा उभीच होती,
हातात वाळलेली झबली.
"काय घावलं का वो?"

'बघते अजून' म्हणणार होते.
नऊ वर्षं पुण्यात शिकून
घासूनपुसून नीट केलेली माझी जीभ.
"बघतो," म्हणाले, "अजून बघतो."

तिनं मान हलवली. तिला काही चुकलं वाटलं नाही.

काचेआड बरगड्यांखाली
एक खळगा पडत होता, भरत होता,
पडत होता.