चार किलो सातशे

सुताच्या काट्यावर तोललं त्याला
अंबादास जॉबरनं, पाय बांधून:
चार किलो सातशे.
आमची चिमणी त्याच काट्यावर
सातशेलाच थांबली.
म्हणजे वरचे चार किलो,
तेवढंच काय ते भांडण.

मल्लेशमनं आणला वळसंगहून.
पोत्याला भोक, भोकात एक डोळा.
"राहू दे अक्का, लढाईचा नाही हा,
अंगानं तेवढा थोर."

घरकुलातलं आमचं अंगण
दोन बाजा टाकल्या की संपतं.
त्यात पाण्याचं बॅरल, शेवगा,
पानं भिजवायचं घमेलं,
आणि पाच कोंबड्या, पाच जातीच्या:
एक गावरान काळी, एक उघड्या मानेची,
एक सरकारी वाटपातली पांढरी,
एक कायमची खुडूक,
आणि ती चिमणी, जिला कुणी विकत घेईना.

तो वाईट नाही.
दाणा सापडला की स्वतः खात नाही,
क्टक् क्टक् करून बायकांना बोलावतो,
चोचीनं उचलतो, परत ठेवतो, हे बघा म्हणतो.
मग पाठीवर चढतो
आणि काळी जमिनीला टेकते.
पंधरा दिवसांत तिची पाठ सोलली,
मी हळद भरली.
दहा कोंबड्यांमागं एक असावा, म्हणाला मल्लेशम,
आता म्हणाला.

शहनाजबी भिंतीवरून:
"रविवारी कर की गं,
किती दिवस बघत बसूलालीस?
बारा माणसांचं होतंय."
यांनीही मान हलवली, रात्रपाळीची, जड.
आणि त्याच दिवशी त्यानं
हारिकाच्या पोटरीवर काटा मारला.
पोरगी रडली नाही. "अव्वा, त्यालाच भ्या वाटलं," म्हणाली.

तेव्हा मी उठले.
रात्री, टॉर्च तोंडात धरून,
मागातली बारीक कानस घेऊन
त्याच्या पायाचे काटे घासले, हळूहळू,
रक्त दिसायच्या आत थांबत.
डोळ्यावर पदर टाकला की
एवढा मोठा गडी, मऊ पडतो.
बसायची काठी वितीवर आणली,
जड अंगाला उडी सोसत नाही,
तळव्याला गाठ येते. मला माहीत आहे,
माझ्या घोट्याला आली आहे.

सकाळी त्याला काखेत घेऊन
नळापर्यंत गेले, परत आले.
अख्खी गल्ली हसली.
तिसऱ्या दिवशी तोही वैतागून
मान खाली घालून बसला
माझ्या कोपरावर, पाहुण्यासारखा.

मग चिंध्या.
यांच्या कारखान्यातले चादरीचे तुकडे,
डाग पडलेले, छाट काढलेले.
विड्यांतली छाट माझीही निघते,
तेव्हा मला ते तुकडे टाकवत नाहीत.
कातरले, दुहेरी शिवले,
पंखाखालून इलॅस्टिक.
काळीला तपकिरी चौकडा,
पांढरीला गुलाबी काठ,
आणि उघड्या मानेचीच्या पाठीवर आला
विणलेल्या मोराचा अर्धा पिसारा.

ती अशी चालली अंगणात
की शहनाजबीनं भिंतीवर कोपरं टेकली,
आणि तो
एक पाय वर धरून उभा,
मान वाकडी,
हिला आपण ओळखतो का, विचार करत.
दोन दिवस जवळ गेला नाही.

चिमणी मात्र वेगळीच ठेवली आहे,
तिला चादर पुरत नाही, भिंत लागते.
मोडक्या कूलरची जाळी, तिच्यामागं ती.
दुपारपर्यंत तो बाजेच्या सावलीत,
पायाला सुतळी,
मी सूप मांडीवर घेऊन शेजारी.
ऊन असं की दोघांचीही तोंडं उघडी.
मी पान वळते, दोरा घालते.
तो दोऱ्याकडं बघतो,
एकदा गिळला होता, हातभर,
तो ओढून काढताना
आमची खरी ओळख झाली.

तीनला सोडते. पाचला दाणे,
त्याचं भांडं विटेवर, उंच,
बायकांची खाली, दोन ठिकाणी.

पाटीत अंडी कधी तीन, कधी एक.
पहाटे साडेतीनला तो ओरडतो,
हे सहाला येऊन झोपतात, शिव्या देत.
"काय ठरवलं त्याचं?"
गड्डा होऊ दे, म्हणते मी,
मग बघू.

मागच्या गड्ड्यालाही हेच म्हणले होते.